स्लोव्हाकियातले सात दिवस, मोटारींच्या कारखान्यांमागोमाग

पहिला दिवस: व्हिएन्ना, ब्रातिस्लाव्हा, देविन्स्का नोव्हा वेस

व्हिएन्नाच्या विमानतळावरून निघालेली बस तासाभरात ब्रातिस्लाव्हात पोहोचते. दोन राजधान्यांमधले अंतर जेमतेम ६० किलोमीटर. शेंगेन व्हिसा दोन्ही देशांत चालतो. सीमा कुठे ओलांडली हे मोबाइलवर आलेल्या मेसेजवरूनच कळते. १९८९ पर्यंत याच पट्ट्यात काटेरी तारांची दुहेरी रांग होती आणि पहारेकऱ्यांना गोळी घालण्याचे हुकूम होते. स्लोव्हाकियात आलेल्या परकीय भांडवलाची गोष्ट समजून घ्यायची तर सुरुवात या ६० किलोमीटरांपासून करावी, कारण गुंतवणूकदाराने पहिल्यांदा नकाशा उघडला तेव्हा त्याला हेच दिसले असणार.

देशाची लोकसंख्या सुमारे ५४ लाख, म्हणजे पुणे जिल्ह्यापेक्षा बरीच कमी. इथे वर्षाला १० लाखांच्या आसपास मोटारी तयार होतात, २०१९ मध्ये तो आकडा ११ लाखांवर गेला होता. माणशी मोटारी मोजल्या तर जगात पहिला नंबर या देशाचा. त्यातली एकही गाडी स्लोव्हाक नावाने विकली जात नाही. फोक्सवॅगन, स्टेलांटिस (पूर्वीची प्यूजो-सिट्रोएन), किया आणि जग्वार लँड रोव्हर असे चार कारखाने, पाचवा व्होल्वोचा उभा राहतो आहे. मालक जर्मनीत, नेदरलँड्समध्ये, कोरियात, मुंबईत आणि चीनमध्ये. हे पाच ठिपके पश्चिमेकडून पूर्वेकडे जोडत जायचे, एवढाच या प्रवासाचा बेत.

सामान ठेवून दुपारीच लोकल गाडीने देविन्स्का नोव्हा वेस गाठले. हे ब्रातिस्लाव्हाचे उपनगर मोराव्हा नदीच्या काठावर आहे आणि नदीपलीकडे ऑस्ट्रिया. २०१२ मध्ये नदीवर सायकलींसाठी पूल झाला, त्याचे नाव ‘स्वातंत्र्याचा पूल’. पुलावर उभे राहिले की एका बाजूला ऑस्ट्रियातला श्लोस होफचा राजवाडा आणि दुसऱ्या बाजूला, घरांच्या मागे, फोक्सवॅगनचा कारखाना. समाजवादी काळात इथे ‘बाझ’ ही सरकारी मोटार कंपनी होती. १९९१ मध्ये फोक्सवॅगनने तिच्याशी भागीदारी केली आणि पुढे सगळे आपल्याकडे घेतले.

सुरुवात अगदी लहान होती. जर्मनीतून आलेले भाग जोडून पसाट तयार करायची, एवढेच काम. त्यानंतर गिअरबॉक्स आले आणि २००२ मध्ये तुआरेग ही मोठी गाडी. आज ऑडी क्यू-सेव्हन आणि पोर्शे काएनसुद्धा इथूनच निघतात. कंपनी साध्या जुळवणीपासून महागड्या गाडीपर्यंत यायला ११ वर्षे लागली. आपल्याकडे एखादा सामंजस्य करार झाला की तिसऱ्या वर्षी ‘रोजगार कुठे?’ असा प्रश्न येतो. तो विचारलाच पाहिजे, पण कोणता रोजगार कितव्या वर्षी येतो हे ठाऊक असले तर तो धारदार होतो. चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला २००९ मध्ये, म्हणजे ब्रातिस्लाव्हानंतर १८ वर्षांनी. दोन्हीकडे प्रेस शॉप, वेल्ड शॉप, पेंट शॉप, असेंब्ली हाच क्रम आहे. ब्रातिस्लाव्हाच्या गाड्यांची किंमत मात्र कितीतरी जास्त, आणि पगारावरचा वाद त्यामुळेच पेटला.

जून २०१७ मध्ये या कारखान्यात पहिला संप झाला, सहा दिवसांचा. कामगारांचे म्हणणे सरळ होते: गाडी जर्मन दर्जाची, उत्पादकता जर्मन तोडीची, मग पगार निम्म्याहून कमी का? पंतप्रधान रॉबर्ट फित्सो यांनी हाच प्रश्न जाहीरपणे विचारला. वेतनकरार झाला तो तीन टप्प्यांत मिळून सुमारे १४ टक्के वाढीचा. त्यानंतर शेजारच्या कारखान्यांतही आकडे हलले. स्वस्त मजुरीच्या जोरावर आलेली गुंतवणूक मजुरी वाढू लागताच निघून जाईल, अशी भीती नेहमी घातली जाते. इथे तसे झाले नाही. पेंट शॉप आणि हजारो रोबो उचलून नेता येत नाहीत, आणि आजूबाजूचे पुरवठादार तर अजिबातच नाहीत.

स्थानकाच्या बाजूला दुमजली मालवाघिणींची रांग उभी असते, प्रत्येक मजल्यावर नव्या गाड्या, चाकांना पट्टे बांधलेले. ‘निर्यातप्रधान अर्थव्यवस्था’ पाहायची तर ती या रुळांवर दिसते.

दुसरा दिवस: ब्रातिस्लाव्हाच्या बँका, मग त्र्नाव्हा

जुन्या गावातल्या कुठल्याही चौकात उभे राहून बँकांच्या पाट्या वाचाव्यात. स्लोव्हेन्स्का स्पोरितेल्न्या ऑस्ट्रियाच्या एर्स्टेची, व्हीयूबी इटलीच्या इंटेसाची. दोन्ही पूर्वी सरकारी होत्या आणि दोन्ही २००१ पर्यंत विकल्या गेल्या. ही विक्री कारखान्यांइतकीच महत्त्वाची आहे.

चेकोस्लोव्हाकियात १९९२ मध्ये कूपनद्वारे खासगीकरण झाले. ३५ क्राउनची (क्राउन हे तेव्हाचे चलन) पुस्तिका आणि १,००० क्राउनचा शिक्का घेतला की नागरिकाला १,००० गुण मिळत, त्यांतून सरकारी कंपन्यांचे समभाग घ्यायचे. १ जानेवारी १९९३ ला देश वेगळे झाले. स्लोव्हाकियात व्लादिमिर मेचियार यांच्या सरकारने दुसरी फेरी रद्द केली, लोकांच्या हातात १०,००० क्राउनचे रोखे दिले आणि कारखाने थेट जवळच्या मंडळींना स्वस्तात विकले. विकत घेणाऱ्यांकडे भांडवल नव्हते, म्हणून त्यांनी सरकारी बँकांकडून कर्जे काढली. कर्जे बुडाली. परकीय कंपन्या तेव्हा प्रागला, बुडापेस्टला, वॉर्साला गेल्या आणि ब्रातिस्लाव्हाला वळसा घालून गेल्या.

१९९८ मध्ये मिकुलाश झुरिंदा यांचे सरकार आले. त्यांनी बुडीत कर्जे बँकांमधून काढून सरकारी संस्थांकडे वळवली, म्हणजे करदात्याच्या डोक्यावर घेतली, आणि साफ झालेल्या बँका विकल्या. खर्च प्रचंड होता. पण त्यानंतर ‘नेत्याच्या मेहुण्याला कर्ज’ ही खिडकी बंद झाली. १ जानेवारी २००४ पासून अर्थमंत्री इव्हान मिक्लोश यांचा सपाट कर आला: व्यक्तीच्या उत्पन्नावर १९ टक्के, कंपनीच्या नफ्यावर १९ टक्के, मूल्यवर्धित कर १९ टक्के. त्याच वर्षी १ मे रोजी देश युरोपीय संघात गेला आणि १ जानेवारी २००९ ला युरो आला, ३०.१२६० क्राउनला एक युरो या दराने.

गुंतवणूक आली ती १९ टक्क्यांमुळे, असे पुष्कळजण सांगतात. तारखा तसे पुरते म्हणत नाहीत. प्यूजो-सिट्रोएनने त्र्नाव्हाची निवड जाहीर केली जानेवारी २००३ मध्ये, कियाचा करार मार्च २००४ चा. पहिला निर्णय कराच्या आधीचा, दुसरा कर लागू होऊन दोनच महिने झाले असतानाचा. युरोपीय संघाचे दार उघडणार हे नक्की झाले होते, बँका साफ झाल्या होत्या, सरकारचा शब्द विश्वासार्ह झाला होता. कराने शेवटचा धक्का दिला असेल, गाडी आधीच उतारावर होती. सपाट कर २०१३ मध्ये मोडीत निघाला, आज मूल्यवर्धित कर २३ टक्के आहे, आणि कारखाने जागेवरच आहेत.

त्र्नाव्हा रेल्वेने अर्ध्या तासावर. तटबंदीचे, चर्चच्या मनोऱ्यांचे छोटे शहर. इथे पूर्वी स्वतःचा मोटार कारखाना होता, ‘ताझ’. श्कोडाची १२०३ ही व्हॅन तिथे तयार होई. नव्वदच्या दशकात तो बंद पडला. २००६ मध्ये त्याच शहराच्या कडेला फ्रेंच कारखान्यातून पहिली प्यूजो २०७ बाहेर पडली. व्हॅनवर वेल्डिंग शिकलेली माणसे मधल्या काळात कुठे गेली, हे विचारायला हवे. काही ऑस्ट्रियात, काही टॅक्सीवर, काही लवकर निवृत्त. कारखाना परत येतो, कारागिरांची एक पिढी परत येत नाही.

तिसरा दिवस: नित्रा

नित्राला बसनेच जावे. रेल्वे बहुधा वाटेत बदलावी लागते आणि वेळ जास्त जातो. ब्रातिस्लाव्हातल्या म्लिन्स्के निव्ही या नव्या बसस्थानकावरून सव्वा-दीड तास. बाहेर सपाट काळी जमीन, गहू, मका, सूर्यफूल. नित्रा हे स्लोव्हाकियाचे शेतीचे शहर, कृषी विद्यापीठ इथेच आहे.

शहराच्या उत्तरेला द्राझोव्त्से गाव आहे. गावाच्या टेकडीवर संत मिखाएलचे दगडी चर्च, रोमनेस्क बांधणीचे, एका खोलीएवढे. युरो येण्यापूर्वीच्या ५० क्राउनच्या नोटेच्या मागे हेच चर्च छापलेले होते. स्लोव्हाकियातल्या चाळिशीच्या पुढच्या प्रत्येक माणसाने ते हजारदा हातात धरले असेल. आज चर्चच्या भिंतीला पाठ लावून खाली पाहिले की समोर पांढऱ्या-राखाडी छपरांचा सलग पसारा दिसतो, सुमारे ३ लाख चौरस मीटरचा. तो जग्वार लँड रोव्हरचा कारखाना, म्हणजे टाटांचा.

पुण्याच्या वाचकाला हा धागा जवळचा वाटेल. टाटा मोटर्सने २००८ मध्ये फोर्डकडून जग्वार आणि लँड रोव्हर २.३ अब्ज डॉलरला घेतली. २०११ पासून पिंपरी-चिंचवडमध्ये या गाड्यांची जुळवणी सुरू झाली. ब्रिटनबाहेर पूर्ण नवा मोठा कारखाना उभारायची वेळ आली तेव्हा पोलंड, मेक्सिको वगैरे पर्यायांतून नित्राची निवड झाली. डिसेंबर २०१५ मध्ये सरकारशी करार, १.४ अब्ज युरोची गुंतवणूक, वर्षाला दीड लाख गाड्यांची क्षमता, २५ ऑक्टोबर २०१८ ला उद्घाटन. डिस्कव्हरी ब्रिटनमधल्या सोलिहलहून इथे आली, पाठोपाठ नवी डिफेंडर.

पैसा सरकारने कसा दिला हे नीट पाहण्यासारखे आहे. युरोपीय संघात कुठलेही सरकार मनाला येईल तेवढी सवलत देऊ शकत नाही. प्रदेश जितका गरीब तितकी मदतीची मर्यादा जास्त, अशी नकाशावर टक्केवारी ठरलेली असते. श्रीमंत ब्रातिस्लाव्हाला फारसे काही मिळत नाही. मदतीचे चार प्रकार: रोख अनुदान, ठराविक वर्षांची करसवलत, प्रत्येक नव्या नोकरीमागे रक्कम आणि बाजारभावापेक्षा कमी दरात जमीन. प्रकल्प मोठा असेल तर ब्रसेल्सची, म्हणजे युरोपीय आयोगाची, मंजुरी लागते. तिथे दोन प्रश्न विचारतात. मदत नसती तर कंपनी खरोखर दुसरीकडे गेली असती का? आणि हा कारखाना युरोपातल्या आणखी गरीब भागातून पळवून तर आणलेला नाही? नित्रासाठी १२.५ कोटी युरोच्या मदतीची चौकशी मे २०१७ मध्ये सुरू झाली आणि मंजुरी मिळाली ऑक्टोबर २०१८ मध्ये. मदत नसती तर कारखाना मेक्सिकोला गेला असता, हे आयोगाला पटले. मोठ्या कंपनीने गुंतवणूक त्या प्रदेशात किमान पाच वर्षे टिकवायची, नाहीतर मदत परत, ही अट कायम असते.

आपल्याकडे राज्या-राज्यांत सवलतींची स्पर्धा लागते तेव्हा ‘तुम्ही दिले नसते तर ते आले नसते का?’ हा प्रश्न कागदावर कोणी सोडवत नाही. तो सोडवायला लावणारी यंत्रणा हे युरोपीय संघाने नव्या सदस्यांना दिलेले मोठे देणे आहे, असे आम्हांला ठामपणे वाटते.

जमिनीचा भाग अधिक दुखरा. हंगेरीच्या राजवटीपासून इथे वडिलोपार्जित जमीन सगळ्या मुलांत वाटली जाई. परिणाम आपल्या ओळखीचा: पट्टी अरुंद होत गेली आणि एका तुकड्याला डझनभर मालक. समाजवादी काळात सहकारी शेतीने नांगर सलग फिरवला, पण मालकीची नोंद पुसली नाही. १९८९ नंतर ती सगळी नावे वर आली, त्यातली कितीतरी मृत, कितीतरी अमेरिकेत गेलेल्यांची. ज्यांचा पत्ता लागत नाही त्यांच्या जमिनीचा कारभार स्लोव्हाक भूमी निधी पाहतो. मालकीचा उतारा, म्हणजे तिथला सातबारा, कोणालाही इंटरनेटवर फुकट पाहता येतो. एखादा उतारा उघडून पाहाच: क्षेत्र काही गुंठे आणि खाली हिस्सेदारांची यादी अपूर्णांकांत, १/४८, ५/१९२ अशी.

नित्रासाठी एमएच इन्व्हेस्ट ही सरकारी कंपनी असे तुकडे गोळा करत होती. १९९९ च्या कायद्यानुसार सरकारने प्रकल्पाला ‘महत्त्वाची गुंतवणूक’ असे प्रमाणपत्र दिले की उरलेली जमीन सार्वजनिक हिताच्या नावाखाली सक्तीने घेता येते. भाव हा एक प्रश्न. त्याहून मोठा प्रश्न म्हणजे ही काळी, सुपीक माती होती आणि एकदा काँक्रीट पडले की ती परत मिळत नाही. देशात नापीक माळरान पूर्वेला भरपूर आहे. पण कंपनीला हवा होता महामार्ग, व्हिएन्ना आणि आधीच उभे असलेले पुरवठादार. म्हणून गव्हाच्या शेतातच कारखाना आला.

कारखान्यातले एक वैशिष्ट्य: गाडीचे अंग ॲल्युमिनियमचे. पोलादी गाडीत जोड स्पॉट वेल्डिंगने होतात, ठिणग्या उडतात. ॲल्युमिनियम उष्णता झपाट्याने पसरवते, तसे वेल्डिंग महाग पडते. म्हणून इथे पत्रे आधी चिकटद्रव्याने आणि मग रिव्हेटने जोडतात. रोबो रिव्हेट दाबतो तेव्हा ठिणगी नाही, नुसता ठक्क आवाज. कामगाराचे कौशल्यही त्यामुळे वेगळे. फोक्सवॅगनमध्ये शिकलेला वेल्डर इथे थेट चालत नाही, त्याला नव्याने शिकवावे लागते.

इंजिने इंग्लंडमधल्या वुल्व्हरहॅम्प्टनहून येतात. ब्रेक्झिटनंतर, १ जानेवारी २०२१ पासून, त्यांच्यासोबत मूळ देशाची कागदपत्रे लागू लागली: गाडीच्या किमतीतला किती हिस्सा युरोप आणि ब्रिटनमध्ये तयार झाला याचा हिशेब. त्याच सुमारास जगभर चिपचा तुटवडा पडला. २०२५ मध्ये आणखी दोन फटके. सप्टेंबरमध्ये कंपनीवर सायबर हल्ला झाला आणि ब्रिटनसोबत नित्राची लाइनही काही आठवडे थांबली. त्याआधी अमेरिकेने आयात शुल्क वाढवले होते. ब्रिटनमध्ये तयार झालेल्या गाड्यांना ठरावीक संख्येपर्यंत १० टक्के, युरोपीय संघातल्या गाड्यांना १५ टक्के. एकाच कंपनीची रेंज रोव्हर एका दराने आणि नित्राची डिफेंडर दुसऱ्या दराने. सगळी अंडी एका टोपलीत म्हणजे काय, ते या एका शहरात दिसते.

नित्राला याची सवय आहे. २००७ मध्ये सोनीने इथे टीव्हीचा मोठा कारखाना काढला, तीनच वर्षांनी तो फॉक्सकॉनकडे गेला. त्र्नाव्हाजवळच्या व्होदेरादी इथे सॅमसंगने एलसीडीचा कारखाना उभा केला होता, तो २०१८ मध्ये बंद करून काम गालांता इथल्या दुसऱ्या कारखान्यात हलवले. टीव्हीची जुळवणी हलकी असते, यंत्रे थोडी, पुरवठादार दूर आशियात. ती सहज उठते. मोटार उठत नाही, ती रुतलेली असते.

चौथा दिवस: झिलिना आणि तेप्लिच्का

आता व्हाह नदीच्या खोऱ्याने उत्तरेकडे. ब्रातिस्लाव्हा ते झिलिना गाडीने अडीच तासांच्या आसपास. डोंगर जवळ येतात, हवा बदलते. जुलै-ऑगस्टमध्ये कारखान्यांची दोन-तीन आठवड्यांची सार्वत्रिक सुट्टी असते. त्या दिवसांत आलात तर औद्योगिक वसाहती ओस दिसतील. आतून कारखाना पाहायचा असेल तर आगाऊ लेखी परवानगी मागावी, गेटवर जाऊन विनवण्या करून उपयोग नाही.

किया झिलिनाजवळच्या तेप्लिच्का नाद व्हाहोम गावी आहे. पहिली ‘सीड’ मोटार डिसेंबर २००६ मध्ये निघाली, क्षमता वर्षाला ३ लाखांच्या वर. इथेही जमिनीवरून वाद झाला. काही मालकांनी देऊ केलेला भाव नाकारला, सक्तीने संपादन झाले आणि प्रकरण वर्षानुवर्षे न्यायालयात राहिले. नित्राच्या दहा-बारा वर्षे आधीचा हा अनुभव होता, पण तेप्लिच्कातून घेतलेला धडा फक्त ‘लवकर सुरुवात करा’ एवढाच निघाला.

थांबून पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे भाग किती अंतरावरून येतात. मोटारीचे भाग ढोबळपणे दोन जातींचे. सीट, डॅशबोर्ड, बंपर हे मोठे, पोकळ आणि प्रत्येक गाडीला वेगळे. त्यांचा साठा करायला जागा पुरत नाही, दूरवरून आणले तर ट्रकमध्ये हवाच वाहून आणल्यासारखे होते. म्हणून लाइनवर कोणती गाडी कितव्या नंबरला येणार हे पुरवठादाराला काही तास आधी कळते, आणि सीट त्याच क्रमाने ट्रकमध्ये चढतात, उलट्या रांगेत, म्हणजे उतरताना पहिली सीट पहिली निघेल. हे व्हेंडर अर्ध्या-पाऊण तासाच्या आतच लागतात. कियाच्या शेजारी मोबिस ही त्याच समूहाची सुट्या भागांची कंपनी आहे ती याच कारणाने. दुसरी जात छोट्या, दाट, महाग भागांची: इलेक्ट्रॉनिक्स, सेन्सर, इंजेक्टर. ते कोरियाहून आले तरी परवडते.

आता पैसा मोजा. जवळ राहतात ते स्वस्त भाग, दूर राहतात ते महाग. देशात तयार झालेल्या गाडीच्या किमतीतला देशात उरणारा वाटा त्यामुळेच छोटा. आणि जवळचे टियर-वन, म्हणजे थेट कारखान्याला भाग देणारे, व्हेंडरसुद्धा बहुतेक परकीयच. स्लोव्हाक मालकीचे वर्कशॉप तिसऱ्या-चौथ्या पायरीवर: छोटे प्रेसिंग, प्लास्टिकचे मोल्डिंग, टूलिंगची दुरुस्ती. पिंपरी-चिंचवडच्या जॉबवर्कवाल्याला हे चित्र समजावून सांगावे लागणार नाही. फरक असा की भोसरीच्या वर्कशॉपला चार वेगवेगळ्या धंद्यांची कामे मिळतात, झिलिनाच्या वर्कशॉपला गिऱ्हाईक एकच.

सीमेपलीकडे, चेक प्रजासत्ताकातल्या नोशोवित्से इथे ह्युंदाईचा कारखाना २००८ मध्ये सुरू झाला, इथून ट्रकने दीड-दोन तासांवर. झिलिनाची इंजिने तिकडे जातात, तिकडचे गिअरबॉक्स इकडे येतात. १९९३ मध्ये तुटलेला देश कोरियन कंपनीच्या ट्रकांनी पुन्हा शिवलेला दिसतो.

जेवण: ब्रिंझोव्हे हालुश्की, म्हणजे बटाट्याच्या पिठाच्या छोट्या गोळ्या मेंढीच्या चीजमध्ये. वर डुकराच्या चरबीचे तुकडे घालतात, शाकाहारी असाल तर ‘बेझ स्लानिनी’ म्हणून आधीच सांगावे.

पाचवा दिवस: मार्टिनवरून पूर्वेकडे

हा दिवस रेल्वेतच जातो. झिलिनापासून थोड्या अंतरावर मार्टिन. इथल्या ‘झेटीएस’ कारखान्यात टी-७२ रणगाडे होत. १९८९ नंतर वार्सा करार संपला, प्रागहून राष्ट्राध्यक्ष व्हात्स्लाव्ह हावेल यांनी शस्त्रनिर्यात आवरण्याची भूमिका घेतली आणि व्हाहच्या खोऱ्यातली शस्त्रांची गावे एकदम बेकार झाली. रणगाड्यांचा कारखाना ट्रॅक्टर आणि लोडर करून पाहत होता, जमले नाही. रणगाड्यात सरकार हे एकच गिऱ्हाईक, किंमत मोजणारे कोणी नाही. ट्रॅक्टर विकायला विक्रीचे जाळे आणि दुरुस्तीची दुकाने लागतात. मोटारींनी हे खोरे पुन्हा भरले, पण मधली दहा वर्षे रिकामी गेली. २००१ च्या सुमारास देशातली बेकारी १९ टक्क्यांवर होती.

झिलिना आणि मार्टिन यांच्यामध्ये साडेसात किलोमीटरचा विष्नोव्हे बोगदा आहे. २०१४ मध्ये त्याचे काम सुरू झाले, २०१९ मध्ये ठेकेदार काम सोडून गेला आणि नवा नेमेपर्यंत खोदलेला बोगदा तसाच पडून राहिला. त्या सगळ्या वर्षांत ट्रक स्त्रेच्नोच्या किल्ल्याखालून, नदीच्या वळणावळणाच्या रस्त्याने जात. पूर्वेला इतकी वर्षे मोटार कारखाना का आला नाही, याचे एक उत्तर या वळणांत आहे.

तात्रा पर्वत डावीकडे दिसतो तिथे पोप्राद. १९९२ मध्ये व्हर्लपूल इथे वॉशिंग मशीन तयार करायला आली, २०२४ मध्ये हा कारखाना बेको युरोपकडे गेला.

सहावा दिवस: कोशित्से

पूर्वेची राजधानी. शहराच्या दक्षिणेला पोलाद कारखाना, तीन ब्लास्ट फर्नेस, युक्रेनच्या सीमेपासून जवळ. त्याच्यासाठी १९६६ मध्ये सीमेपलीकडच्या उझहोरोदहून कोशित्सेजवळच्या हनिस्कापर्यंत खास रूळ टाकले: सोव्हिएत मापाचे, १,५२० मिलिमीटर रुंदीचे, कारण बाकी स्लोव्हाकियाचे रूळ १,४३५ चे आणि युक्रेनमधल्या लोहखनिजाची गाडी सीमेवर न थांबता थेट फर्नेसपर्यंत यावी. हा फाटा आजही आहे. हनिस्काजवळ दोन्ही मापांचे रूळ शेजारी दिसतात, फरक डोळ्यांनी कळतो: जेमतेम साडेआठ सेंटिमीटर.

हाच कारखाना मेचियार यांच्या काळात जवळच्या लोकांकडे गेला, १९९८ मध्ये कर्जे फेडू शकला नाही आणि नोव्हेंबर २००० मध्ये यूएस स्टीलने घेतला. तेव्हा मोठी कामगारकपात करणार नाही, अशी हमी सरकारने दहा वर्षांसाठी घेतली होती. जून २०२५ मध्ये यूएस स्टीलच जपानच्या निप्पॉन स्टीलकडे गेली, म्हणजे कोशित्सेचा मालक पुन्हा बदलला, कोशित्सेला न विचारता.

शहरात दुसरी बाजू आहे. २००६ मध्ये टी-सिस्टिम्स ही जर्मन आयटी कंपनी इथे आली आणि तांत्रिक विद्यापीठातून बाहेर पडणाऱ्या मुलांना ब्रातिस्लाव्हाला न जाता काम मिळू लागले. संगणकाच्या कामाला बोगदा लागत नाही.

शहरापासून दक्षिणेला व्हालालिकी. व्होल्वोने २०२२ मध्ये जाहीर केलेला कारखाना इथे उभा राहतो आहे: १.२ अब्ज युरो, वर्षाला अडीच लाख गाड्या, सगळ्या विजेवरच्या. फोर्डने २००८ मध्ये लँड रोव्हर टाटांना विकली, २०१० मध्ये व्होल्वो चीनच्या गीलीला. डेट्रॉइटने सोडून दिलेली दोन नावे, आशियाई मालकांकडून, एकाच छोट्या देशाच्या दोन टोकांना. विजेच्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्सची शेकडो फिरते भाग जातात, बॅटरी येते. बॅटरी बाहेरून आली तर देशात उरणारा वाटा आणखी घटेल. व्हालालिकीच्या कुंपणाबाहेर काय उभे राहते याकडे म्हणून लक्ष ठेवायचे.

आणि लुनिक नऊ. कोशित्सेच्या कडेची इमारतींची वसाहत, राहणारे जवळपास सगळे रोमा, म्हणजे ज्यांना जिप्सी म्हणत ते. २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस इथे येऊन गेले. समाजवादी काळात रोमा कामगार रस्ते, बांधकाम, खाणकामात होते. १९८९ नंतर अकुशल काम आधी गेले आणि तीन दशके उलटली तरी परत आले नाही. पश्चिमेचे कारखाने माणसे मिळत नाहीत म्हणून सर्बिया आणि युक्रेनमधून कामगार आणतात. चारशे किलोमीटरवर लुनिक नऊमध्ये तरुण रिकामे बसलेले असतात. शाळेत मुलांना वेगळ्या वर्गात बसवणे, राहायला जागा न मिळणे, नोकरी लागली की भत्ता लगेच तुटणे आणि पगारातून जुन्या कर्जाची कपात होणे, ही सगळी कुलुपे एकाच दाराला आहेत. अनुदानाची किल्ली त्यातल्या एकालाही लागत नाही.

सातवा दिवस: रिमाव्स्का सोबोता

परतीला दक्षिणेचा मार्ग घ्यावा. कोशित्से-झ्वोलेन गाडीने येसेन्स्केला उतरायचे, तिथून छोट्या गाडीने रिमाव्स्का सोबोता. या जिल्ह्यात बेकारी एकेकाळी ३० टक्क्यांच्या वर होती, आजही देशात सर्वांत वरच्या यादीत आहे. मदतीच्या नकाशावर हा भाग सर्वाधिक टक्केवारीचा. जमीन सपाट, स्वस्त. तरीही मोठी कंपनी येत नाही. महामार्ग तुकड्या-तुकड्यांत आहे, सीट तयार करणारा कोणी जवळ नाही, शिकलेली मुले निघून गेली आहेत. ब्रातिस्लाव्हा विभागाचे दरडोई उत्पन्न क्रयशक्तीच्या हिशेबाने युरोपीय सरासरीच्या वर आणि पूर्व स्लोव्हाकियाचे निम्म्याच्या आसपास, या दोन आकड्यांमधली जागा म्हणजे हे गाव.

चौकात पिवळ्या रंगाचे चर्च, भोवती चिनी कपड्यांची दुकाने, सावकारी कर्जाची एक पाटी. बसस्थानकाजवळ ऑस्ट्रियन कंपनीची मिनीबस उभी. तिच्यात पन्नाशीच्या बायका बॅगा चढवतात. त्या ऑस्ट्रियात म्हाताऱ्या माणसांची २४ तास शुश्रूषा करतात, दोन आठवडे तिकडे आणि दोन आठवडे इकडे. एक उतरते तेव्हा दुसरी चढते, त्याच खाटेशेजारी जायला. चालक यादी वाचतो, डब्या-पिशव्या मांडीवर घेतल्या जातात, दार सरकते. मिनीबस नित्राच्या बाजूने महामार्गाला लागेल, द्राझोव्त्सेच्या टेकडीवरून दिसणाऱ्या छपरांजवळून जाईल आणि रात्री व्हिएन्नाच्या दारोदार एकेकीला उतरवत जाईल.